हा खर्च कोणाच्या नावे टाकायचा?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवली जाते, हे महाराष्ट्रात फारसं कोणाला ठाऊक नसतं. आधुनिक भारतीय भाषांच्या विभागात ती एक भाषा आहे. ती शिकवायला नागपूरकडचा एक माणूस तिथे गेला आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. कवी माणूस. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. आज त्यांचं नाव बहुतेकांना आठवतं ते हन्सल मेहतांच्या ‘अलीगढ’ या सिनेमामुळे आणि मनोज बाजपेयींच्या चेहऱ्यामुळे. कविता कोणी वाचलेल्या नसतात.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या विद्यापीठातल्या राहत्या घरात घुसली. आत सिरस होते आणि त्यांच्या सोबत एक रिक्षावाला. दोघंही सज्ञान, दोघंही राजीखुशीने. चित्रीकरण झालं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित केलं सिरसांना. गैरवर्तन, अनैतिक वर्तन असे शब्द कागदावर आले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. त्या फेब्रुवारीत सिरसांनी केलं ते गुन्ह्यात मोडत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या खटल्यात सज्ञान व्यक्तींमधले खासगी, संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले होते. म्हणजे फौजदारी कायदा बाजूला झाला होता. उरला होता नोकरीचा कायदा. त्यात त्यांच्या बाजूने उभं राहील असं एक वाक्यही नव्हतं.

असं एखादं वाक्य घालायचं ठरवलं तर त्याला किती खर्च येतो, या प्रश्नामागे मी गेले काही महिने फिरतो आहे. प्रश्न रुक्ष आहे, मान्य. पण सरकारी विद्यापीठात कुठलीही चांगली गोष्ट या प्रश्नापाशी येऊन थांबते. टिपणी वर जाते, वित्त व लेखा अधिकारी समासात लिहितात, ‘लेखाशीर्ष नमूद करावे’, आणि फाइल खाली येते. तत्त्वाला कोणी नाही म्हणत नाही. तरतूद नसते, एवढंच.

महाराष्ट्रात हे वाक्य कायद्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आलं होतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाचा फेरविचार करायला राज्य सरकारने डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून दुरुस्ती विधेयक आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मंजूरही झालं. त्यात समान संधी मंडळाची तरतूद होती. दुर्बल घटक, महिला, दिव्यांग यांच्या बरोबरीने एलजीबीटीक्यूआयए समुदायाचा उल्लेख महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात यायचा होता. त्याच विधेयकात मराठी भाषा आणि साहित्याच्या जतनासाठीही मंडळ होतं. सिरस वाचले असते तर एका विधेयकात त्यांना आपली दोन्ही कामं सापडली असती.

सभागृहात काय झालं ते त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांत आहे. खरी झुंज कुलगुरू कोणी नेमायचे आणि शिक्षणमंत्र्यांनी प्र-कुलपती व्हायचं का यावर होती. या समुदायाचा उल्लेख मधल्यामध्ये सापडला. आमदार सुधीर मुनगंटीवारांनी उभयलिंगी, अलैंगिक या शब्दांच्या व्याख्या विचारल्या, अशा माणसांना प्रमाणपत्र कोण देणार असं विचारलं, आणि त्यांच्या एकूण बोलण्यावर समुदायातून संताप उसळला. बोलण्याचा सूर वाईट होता. पण प्रमाणपत्राचा प्रश्न मात्र मला टाकून द्यावासा वाटत नाही. टिंगल म्हणून विचारलेला तो प्रश्न कारकुनाच्या टेबलावर खरोखरच येतो. पुढे २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने विधेयक मागे घ्यायचं ठरवलं. कुलगुरूंच्या भांडणात समान संधी मंडळही परत गेलं आणि मराठीचंही.

आता खर्च. समजा हे कलम लागू झालं असतं, आणि एखाद्या विद्यापीठाच्या कुलसचिवांनी अंदाजपत्रक मागवलं असतं. काय काय आलं असतं त्यात?

पहिला रकाना अर्जाचा. स्त्री, पुरुष, इतर. संगणकप्रणाली पुरवणारा ठेकेदार त्याचं बिल लावेल, पण हे काम बहुतेक ठिकाणी झालेलं आहे. कारण १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात २०१५ मध्ये एका विद्यार्थ्याने प्रमाणपत्रावर लिंग दाखवणारं संबोधन नको म्हटलं, तर त्यांनी ‘मिस’च्या जागी ‘एमएक्स’ छापून दिलं. शाई तेवढीच लागली. मराठीत हे अंमळ अवघड आहे, कारण आपल्याकडे संबोधन काढलं तरी क्रियापद बोट दाखवतं. मी आलो की मी आले? हजेरी घेताना ‘हजर’ म्हटलं की सुटका होते, एवढं एकच ठिकाण मला सापडलं.

दुसरा रकाना स्वच्छतागृहाचा. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात धनंजय चौहान यांनी तृतीयपंथी विद्यार्थी म्हणून पाठपुरावा केला आणि स्वतंत्र स्वच्छतागृहं बांधली गेली. बांधकाम म्हटलं की निविदा, अंदाजपत्रक, पूर्णत्वाचा दाखला हे सगळं आलंच. पण दुसरा मार्गही आहे. नालसारने मार्च २०२२ मध्ये शैक्षणिक इमारतीतल्या तळमजल्याचं एक स्वच्छतागृह सर्वांसाठी खुलं केलं, आणि वसतिगृहाच्या एका तळमजल्यावरच्या खोल्या लिंगनिरपेक्ष ठरवल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१८ मध्येच लिंगनिरपेक्ष वसतिगृह सुरू केलं होतं. नवी इमारत नालसारने बांधली नाही. पाटी बदलली आणि खोल्यांच्या वाटपाचा तक्ता बदलला. वसतिगृहाचं खरं दुखणं तक्त्याच्या पुढे असतं: गावाकडून आलेले पालक रेक्टरच्या खोलीत बसून विचारतात, ‘आमच्या पोरीच्या शेजारी कोण राहणार?’ त्या तासाभराच्या उत्तराची किंमत कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही, आणि ती रेक्टरबाईंना द्यावी लागते. हा खर्च खरा आहे. जे लोक म्हणतात की समतेला काही मोल पडत नाही, त्यांनी एकदा जूनमध्ये वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून पाहावं.

समलिंगी विद्यार्थ्याच्या नावे मात्र या रकान्यात काहीच येत नाही. त्याला वेगळी खोली नको, वेगळं स्वच्छतागृह नको. दार वाजवल्याशिवाय कोणी आत येऊ नये, एवढंच.

तिसरा रकाना शिष्यवृत्तीचा. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत तृतीयपंथी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये मिळतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ रकान्यात ४०,८९१ माणसं मोजली गेली; देशभरात ४,८७,८०३. गणती कमी झाली असणार, पण सरकारी आकडा हाच आहे. त्यातली तान्ही मुलं, म्हातारी माणसं, सगळी धरून प्रत्येकाला ही शिष्यवृत्ती द्यायची म्हटलं तरी राज्यापुरता खर्च होतो वर्षाला सुमारे ५५ कोटी २० लाख. हा अर्थात वेडा हिशेब आहे. यातले महाविद्यालयापर्यंत पोचतात किती, हे कुठल्याही प्राध्यापकाने आपल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीतले चेहरे आठवून पाहावं. केरळ सरकारने २०१८ मध्ये विद्यापीठांत आणि संलग्न कला-विज्ञान महाविद्यालयांत प्रत्येक अभ्यासक्रमाला तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी दोन जादा जागा दिल्या. जागा देणं हे शेवटचं दार झालं. दहावीच्या आधीच घरातून बाहेर पडलेलं पोर त्या दारापर्यंत येत नाही.

आणि शिष्यवृत्तीसाठी प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकारी देतात. म्हणजे विधानसभेत विचारलेल्या ‘प्रमाणपत्र कोण देणार’ या प्रश्नाचं निदान तृतीयपंथी व्यक्तींपुरतं उत्तर केंद्राच्या कायद्यात दोन वर्षं आधीपासून होतं. समलिंगी व्यक्तीला प्रमाणपत्र कोणी देत नाही आणि ते लागूही नये; भेदभाव करणारा माणूस दाखला मागून भेदभाव करत नसतो.

अमेरिकेत हा जमाखर्च जास्त उघडा आहे, कारण तिथे तो कोर्टात डॉलरमध्ये निघतो. आणि योगायोग असा की सिरस निलंबित होते त्याच वसंतात तिथेही सरकारी विद्यापीठांवरून हेच भांडण पेटलं होतं. ४ मार्च २०१० रोजी व्हर्जिनिया राज्याचे महाधिवक्ता केन कुचिनेली यांनी राज्यातल्या सार्वजनिक महाविद्यालयांना पत्र पाठवलं: भेदभावविरोधी धोरणात लैंगिक कल हा शब्द घालण्याचा तुम्हाला अधिकार नाही, विधिमंडळाने दिलेला नाही, तो काढून टाका. विद्यापीठांनी हा शब्द स्वतःहून, काहींनी बऱ्याच वर्षांपूर्वी, घातलेला होता. विद्यार्थी रस्त्यावर आले. आठवड्याच्या आत राज्यपाल बॉब मॅक्डॉनल यांना सरकारी नोकरीत असा भेदभाव चालणार नाही असा निर्देश काढावा लागला. महाधिवक्ता आणि राज्यपाल दोघंही एकाच पक्षाचे. कायद्यात मात्र तो शब्द यायला २०२० उजाडलं.

२०१० च्याच जूनमध्ये उलट बाजूचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होता. कॅलिफोर्नियाच्या सरकारी हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयातली ख्रिश्चन विद्यार्थ्यांची संघटना समलिंगी संबंध ठेवणाऱ्यांना सदस्य करून घेत नव्हती. महाविद्यालय म्हणालं, सगळ्यांना घ्या, नाहीतर आमची मान्यता आणि निधी मिळणार नाही. पाच विरुद्ध चार मतांनी महाविद्यालय जिंकलं. चार न्यायमूर्ती विरोधात होते आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: श्रद्धेच्या पायावर उभ्या असलेल्या संघटनेने ती श्रद्धा न मानणाऱ्याला घ्यायचं तर संघटना कशाची? भेदभावविरोधी नियमाची ही किंमत पैशात नाही, आणि ती कोणी तरी देतंच.

पैशातली किंमत पाहायची तर दोन प्राध्यापकांची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवावीत.

ओहायोतल्या शॉनी स्टेट या सरकारी विद्यापीठात निकोलस मेरीवेदर तत्त्वज्ञान शिकवत. एका पारलिंगी विद्यार्थिनीला ‘ती’ म्हणायला त्यांनी धार्मिक कारणाने नकार दिला. विद्यापीठाच्या धोरणात लिंगओळखीला संरक्षण होतं, त्यामुळे लेखी समज दिली गेली. ते न्यायालयात गेले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२२ मध्ये विद्यापीठाने चार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. संरक्षण दिलं म्हणून बसलेला हा भुर्दंड.

ओक्लाहोमात साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेट या सरकारी विद्यापीठात रेचल ट्यूडर इंग्रजी शिकवत. २००७ मध्ये त्यांनी आपण स्त्री म्हणून जगणार असल्याचं विद्यापीठाला कळवलं. पुढे त्यांना कायम केलं गेलं नाही आणि २०११ मध्ये नोकरी गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने साडेअकरा लाखांहून अधिक डॉलर भरपाई ठरवली. कायद्यातल्या मर्यादेमुळे ती साधारण साडेतीन लाखांवर आली. आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, पैसे राहू द्या, आधी त्यांना कायम प्राध्यापक म्हणून परत घ्या. संरक्षण दिलं नाही म्हणून बसलेला हा भुर्दंड. नोकरी गेल्यापासून दहा वर्षं उलटली होती.

दोन्ही आकडे ठेवून कुलसचिव म्हणतील, मग बरोबरीच झाली, कशाला हात लावायचा? माझं म्हणणं इथेच सुरू होतं. मेरीवेदरांच्या प्रकरणात विद्यापीठाला खर्च आला, आणि ते भांडत असताना त्यांची नोकरी चालू होती. ट्यूडरबाईंच्या प्रकरणात दहा वर्षं विद्यापीठाच्या वहीत शून्य होतं. खर्च होत होता. घरभाडं, गेलेला पगार, पुढच्या नोकरीसाठी केलेले अर्ज. तो एका बाईच्या वहीत पडत होता, आणि ती वही लेखापरीक्षणाला कधी येत नाही. नियम नसला की खर्च वाचतो असं जे वाटतं, ते दुसऱ्याच्या खिशातून जातंय म्हणून वाटतं.

कधी कधी तो खिसा आख्ख्या राज्याचा निघतो. नॉर्थ कॅरोलिनाने मार्च २०१६ मध्ये कायदा करून सरकारी इमारतींत, त्यात सरकारी विद्यापीठंही आली, जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच स्वच्छतागृह वापरायची सक्ती केली. पेपालने शार्लटमधला ४०० नोकऱ्यांचा बेत रद्द केला. बास्केटबॉलचा ऑलस्टार सामना दुसरीकडे गेला, महाविद्यालयीन स्पर्धा गेल्या. असोसिएटेड प्रेसने बारा वर्षांचा तोटा ३.७६ अब्ज डॉलर काढला. पुढच्याच मार्चमध्ये कायदा मागे घेतला गेला. पण हे उदाहरण मी फार ताणणार नाही. आपल्याकडे कुठल्या विद्यापीठाच्या नियमावरून क्रिकेटचा सामना हलणार नाही.

जागतिक बँकेसाठी अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी २०१४ मध्ये भारताचा असा हिशेब मांडला होता. समलैंगिकतेच्या द्वेषाने देशाचं होणारं नुकसान त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के धरलं. खालचा आणि वरचा आकडा यांत सतरा पटींचं अंतर! यातून कळतं एवढंच की मोजायला साधनं नाहीत, कारण मोजायची माणसं लपलेली आहेत.

मग भारतात आज सिरसांसारख्या माणसाच्या बाजूने कागदावर काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम आहेत. त्यांत जात, धर्म, भाषा, वंश, लिंग, अपंगत्व ही कारणं येतात, लैंगिक कल येत नाही. २०१६ मध्ये आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली, तिथे मात्र तृतीयपंथी ओळख आणि लैंगिक कल दोन्ही शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे समलिंगी विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यार्थ्याने छळलं तर नियम आहे. प्राध्यापकाला विद्यापीठानेच छळलं तर रॅगिंगचा नियम कामाचा नाही. २०१९ चा कायदा शिक्षणसंस्थांत आणि नोकरीत भेदभाव करू नका म्हणतो, पण तो तृतीयपंथी व्यक्तींपुरता. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने ३७७ चा प्रश्न मिटवला आणि घटनेतल्या समतेची भाषा केली. घटना मोठी आहे, पण तिथपर्यंत जायला वकील लागतो.

सिरसांना वकील मिळाले. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. निलंबित माणसाला नियमाप्रमाणे निर्वाह भत्ता असतो, सहसा अर्ध्या पगाराच्या घरात. विद्यापीठाच्या वहीत या सगळ्या प्रकरणात उलट बचतच झालेली दिसली असती. विद्यापीठाबाहेर भाड्याची खोली घ्यावी लागली, ते भाडं त्यांचं. सामान हलवायची मजुरी त्यांची. अलाहाबादच्या फेऱ्या त्यांच्या. चौसष्टाव्या वर्षी, निवृत्तिवेतनाची कागदपत्रं जमवायच्या दिवसांत.

१ एप्रिल २०१० रोजी उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे आणि तो तुडवला गेलेला दिसतो, असं म्हटलं. घटनेचा मूलभूत हक्क म्हणून खासगीपणा नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने मान्य केला तो सात वर्षांनंतर, २०१७ मध्ये. अलाहाबादच्या दोन न्यायमूर्तींनी एका मराठीच्या मास्तरासाठी तो आधीच वापरून दाखवला.

७ एप्रिलला सिरस त्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काही जणांना पकडलं, पुढे पुराव्याअभावी प्रकरण बंद झालं.

निलंबन मागे घेतल्याचं विद्यापीठाचं पत्र त्यांच्या विभागात पोचलं. जावक क्रमांक टाकलेलं असणार, त्याशिवाय पत्र बाहेर पडत नाही. ते घ्यायला सिरस नव्हते.